महाभियोग : परीक्षा कोणाची?

(द्वितीय वर्ष, कला)

अमेरिकेच्या इतिहासात एक मोठी चमत्कारिक गोष्ट आहे. १८६८ ते २०२१ या काळात तेथे तीन राष्ट्राध्यक्षांवर मिळून चार वेळा महाभियोग चालला आणि चारही वेळा आरोपी सुटला. ज्या एकाच राष्ट्राध्यक्षाला या प्रकरणात खुर्ची सोडावी लागली, त्या रिचर्ड निक्सन यांच्यावर मात्र महाभियोग झालाच नाही! प्रतिनिधिगृहात मतदान होण्यापूर्वीच ते राजीनामा देऊन मोकळे झाले.

मग हे हत्यार आहे तरी कसले? ज्याच्यावर चालवले तो वाचतो आणि ज्याच्यावर नुसते उगारले तो कोसळतो! राज्यशास्त्राच्या तासाला आम्ही वहीत लिहून घेतो : प्रतिनिधिगृहाने साध्या बहुमताने आरोप ठेवावयाचा, सिनेटने न्यायासनासारखे बसून तो ऐकावयाचा, राष्ट्राध्यक्षाची सुनावणी असेल तर सरन्यायाधीशांनी अध्यक्षस्थान घ्यावयाचे आणि हजर सभासदांपैकी दोन-तृतीयांश मते पडली तर राष्ट्राध्यक्ष पायउतार. परीक्षेतील टिपेला एवढे पुरते. पण वरील कोड्याचे उत्तर या टिपेत सापडत नाही. त्यासाठी मतांचे आकडे उघडून पाहावे लागतात. कोणी कोणाच्या बाजूने हात वर केला हे पाहावे लागते. ते पाहिल्यावर माझे जे मत झाले ते आधीच सांगून टाकते. महाभियोग ही राष्ट्राध्यक्षाची परीक्षा नव्हेच. ती सभागृहात बसलेल्या प्रत्येक सभासदाची परीक्षा आहे, आणि त्यातही राष्ट्राध्यक्षाच्या स्वतःच्या पक्षाच्या माणसांची. विरोधक तर विरोधात मत देणारच. त्यात नवल ते काय? प्रश्न असतो तो आपल्या माणसाला 'तू चुकलास' असे सांगणाऱ्यांचा.

या कल्पनेच्या जन्माशी आपल्या देशाचाही थोडा संबंध आहे. १७८७ साली फिलाडेल्फिया येथे अमेरिकेची राज्यघटना तयार होत होती. राष्ट्राध्यक्षाला कोणत्या अपराधासाठी काढता यावे याची चर्चा सप्टेंबरमध्ये झाली. देशद्रोह आणि लाचखोरी एवढेच शब्द मसुद्यात होते. व्हर्जिनियाचे जॉर्ज मेसन म्हणाले, एवढ्याने भागणार नाही. आणि त्यांनी दाखला दिला तो वॉरन हेस्टिंग्जचा! हिंदुस्थानात कंपनीचा गव्हर्नर जनरल असताना केलेल्या जुलमाबद्दल हेस्टिंग्जवर त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटमध्ये महाभियोग मांडला गेला होता. हाच तो हेस्टिंग्ज, ज्याच्या कारकिर्दीत इंग्रज आणि मराठे यांचे पहिले युद्ध होऊन १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला. बनारसचा राजा चेतसिंग आणि अयोध्येच्या बेगमा यांच्यावरील अन्यायाचे आरोप त्याच्यावर होते. एडमंड बर्क यांनी वर्षानुवर्षे वक्तृत्व पणाला लावले, पण १७९५ मध्ये हेस्टिंग्ज निर्दोष सुटला.

मेसन यांनी 'गैरकारभार' हा शब्द घालावा असे सुचवले. जेम्स मॅडिसन यांनी हरकत घेतली. एवढा मोघम शब्द घातला तर राष्ट्राध्यक्ष सिनेटच्या मर्जीवर जगणारा नोकर होईल, असे त्यांचे म्हणणे होते. तेव्हा मेसन यांनी तो शब्द मागे घेऊन 'गंभीर अपराध व गैरवर्तन' अशा अर्थाची इंग्लंडमधील जुनी शब्दरचना पुढे केली आणि ती मान्य झाली. एका टोकाला मनमानी करणारा राष्ट्राध्यक्ष, दुसऱ्या टोकाला त्याला बाहुले बनवू पाहणारे सभागृह. या दोहोंमधली वाट शोधण्याची ती धडपड होती. पुढचा सारा वाद याच चार शब्दांभोवती फिरत राहिला.

पहिला प्रसंग १८६८ चा. लिंकन यांच्या खुनानंतर उपाध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाले होते. यादवी युद्ध संपले होते, गुलामगिरी कायद्याने गेली होती. पण मुक्त झालेल्या काळ्या माणसाला हक्क द्यावयाचे की नाही यावर झगडा चालू होता. जॉन्सन यांनी त्यांच्या हक्कांची विधेयके नाकारण्याचा सपाटा लावला. काँग्रेसमधील रिपब्लिकन सभासद संतापले, आणि त्यांचा संताप योग्यच होता. परंतु महाभियोग उभा राहिला तो मुख्यतः वेगळ्याच कारणावर. सिनेटच्या संमतीवाचून मंत्र्याला काढता येऊ नये असा कायदा काँग्रेसने १८६७ मध्ये केला होता आणि तो मोडून जॉन्सन यांनी युद्धमंत्री स्टँटन यांना काढले, हा तो आरोप. सिनेटमध्ये ५४ सभासद होते. दोषी ठरवण्यास ३६ मते हवी होती, पडली ३५. सात रिपब्लिकन सभासदांनी आपल्या पक्षाविरुद्ध मत दिले म्हणून जॉन्सन एका मताने वाचले. त्या सातांपैकी एकही पुन्हा सिनेटवर निवडून गेला नाही.

या सातांचे काय करावयाचे? मला हा प्रश्न फार अवघड वाटतो. त्यांच्यातल्या काहींचे म्हणणे असे होते की, काँग्रेसशी पटत नाही म्हणून राष्ट्राध्यक्षाला काढण्याची प्रथा पडली तर ते पदच मोडून पडेल. युक्तिवाद खोटा नव्हता. ज्या कायद्यावर खटला उभा होता तो कायदाच १८८७ मध्ये रद्द झाला. कॅन्ससचे एडमंड रॉस यांच्याविषयी तर असेही सांगतात की, मत दिल्यानंतर त्यांनी राष्ट्राध्यक्षांकडे आपल्या माणसांसाठी नेमणुका मागितल्या. म्हणजे सातही जण धुतल्या तांदळासारखे होते असे म्हणवत नाही. आणि जॉन्सन वाचले याची किंमत वॉशिंग्टनमधल्या कोणा सभासदाने नव्हे, तर दक्षिणेतल्या काळ्या शेतमजुरांनी मोजली. या घटनेनंतर पाचच वर्षांनी, १८७३ मध्ये, महात्मा फुले यांनी आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केले. पुण्यात बसून त्यांनी त्या लढ्याशी आपले नाते ओळखले होते. म्हणून हा इतिहास वाचताना मला तो परका वाटत नाही. खरा अपराध एक आणि आरोपपत्रात लिहिलेला अपराध दुसरा, असे झाले की न्याय कसा निसटतो याचा हा धडा आहे.

आता निक्सन. १७ जून १९७२ च्या पहाटे वॉशिंग्टनमधील वॉटरगेट इमारतीत फ्रँक विल्स नावाच्या चोवीस वर्षांच्या काळ्या पहारेकऱ्याला दाराच्या कुलपावर चिकटपट्टी लावलेली दिसली. त्याने ती काढून टाकली. थोड्या वेळाने पाहतो तो पट्टी पुन्हा लावलेली! त्याने पोलिसांना फोन केला. डेमोक्रॅटिक पक्षाच्या कचेरीत पाच माणसे पकडली गेली. राष्ट्राध्यक्षांच्या निवडणूक मोहिमेशी त्यांचा संबंध निघाला. तरीही नोव्हेंबरमध्ये निक्सन ५० पैकी ४९ राज्ये जिंकून पुन्हा निवडून आले. जनता इतकी पाठीशी असलेल्या माणसाचे कोण काय वाकडे करणार, असे कोणालाही वाटले असते.

पुढे काय झाले ते क्रमाने पाहण्यासारखे आहे; कारण प्रत्येक पायरीवर त्यांना अडवणारा माणूस त्यांच्याच घरचा होता. राष्ट्राध्यक्ष आपल्या दालनातील सर्व संभाषणे ध्वनिमुद्रित करतात हे जुलै १९७३ मध्ये जगाला सांगितले ते त्यांच्याच कार्यालयात काम केलेल्या अलेक्झांडर बटरफील्ड यांनी. विशेष सरकारी वकील आर्चिबाल्ड कॉक्स यांनी त्या फिती मागितल्या. निक्सन यांनी २० ऑक्टोबर १९७३ रोजी हुकूम सोडला, कॉक्सना काढा. त्यांनीच नेमलेले ॲटर्नी जनरल इलियट रिचर्डसन यांनी नकार देऊन राजीनामा दिला. पाठोपाठ त्यांचे दुय्यम विल्यम रकल्सहाउस यांनीही नकार दिला आणि तेही गेले. तिसऱ्याने हुकूम बजावला, पण तोवर देश जागा झाला होता. २४ जुलै १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फिती द्याव्याच लागतील असा निकाल आठ विरुद्ध शून्य मतांनी दिला. त्या आठांत निक्सन यांनी नेमलेले तीन न्यायाधीश होते. निकालपत्र लिहिणारे सरन्यायाधीश बर्गर त्यांतलेच.

त्याच आठवड्यात प्रतिनिधिगृहाची न्यायविषयक समिती दूरचित्रवाणीसमोर बसली होती. समितीत ३८ सभासद होते : २१ डेमोक्रॅट, १७ रिपब्लिकन. २५ जुलैला टेक्ससच्या बार्बरा जॉर्डन बोलल्या. त्या काळ्या होत्या, स्त्री होत्या. घटनेच्या आरंभीच्या 'आम्ही लोक' या शब्दांत मुळात आपली गणना नव्हती, दुरुस्त्या आणि न्यायालयांचे निकाल यांच्या वाटेने आपण त्यात आलो, असे त्यांनी सांगितले. आणि आता त्याच घटनेची मोडतोड आपण स्वस्थ बसून पाहणार नाही असे बजावले. ज्या घरात घटनेचे पुस्तक कधी आले नाही अशा घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. त्यामुळे या बाईंचे म्हणणे वाचताना मी दोनदा थांबले. घटना ज्यांना उशिरा मिळाली त्यांनाच तिची किंमत अधिक कळते की काय?

२७ जुलैला तपासात अडथळा आणल्याचा पहिला आरोप २७ विरुद्ध ११ मतांनी मंजूर झाला. बाजूने मत देणाऱ्यांत सहा रिपब्लिकन होते. मेरीलंडचे लॉरेन्स होगन यांनी तर मंजूर झालेल्या तिन्ही आरोपांच्या बाजूने मत दिले. ते त्या वेळी आपल्या राज्याच्या गव्हर्नरपदासाठी उभे होते. सप्टेंबरमध्ये त्यांच्याच पक्षाच्या मतदारांनी त्यांना पाडले. ५ ऑगस्टला ती फीत बाहेर आली : चोरीनंतर सहाच दिवसांनी, २३ जून १९७२ रोजी, गुप्तहेर खात्याला पुढे करून पोलीस तपास थांबवण्याचा बेत राष्ट्राध्यक्षांच्या स्वतःच्या आवाजात! समितीत त्यांची बाजू हिरिरीने लढवणारे चार्ल्स विगिन्स यांनीही मग आपले मत फिरवले. ७ ऑगस्टला बॅरी गोल्डवॉटर, ह्यू स्कॉट आणि जॉन ऱ्होड्स हे रिपब्लिकन पुढारी राष्ट्राध्यक्षांना भेटले आणि सिनेटमध्ये आपल्या बाजूला मूठभरच मते उरली आहेत असे त्यांना तोंडावर सांगितले. ९ ऑगस्टला निक्सन गेले. त्यांना विरोधकांनी घालवले हे अर्धेच खरे आहे. आपल्या माणसांचे हात सुटले तेव्हा ते पडले.

या कहाणीला नुसती आरती ओवाळू नये. त्याच समितीपुढे आणखी एक आरोप होता. काँग्रेसला अंधारात ठेवून कंबोडियावर गुप्तपणे केलेल्या बॉम्बफेकीचा. तो १२ विरुद्ध २६ मतांनी फेटाळला गेला. स्वतःच्या देशातील कचेरीत चोर शिरले तर राज्य हादरते, आणि दूरच्या आशियाई खेड्यांवर बॉम्ब पडले तर तो आरोपसुद्धा ठरत नाही! पुढे ८ सप्टेंबरला फोर्ड यांनी निक्सनना संपूर्ण माफी दिली. ज्या पहारेकऱ्याच्या दक्षतेमुळे सारे उघडकीस आले त्या फ्रँक विल्सच्या वाट्याला मात्र पुढे हलाखीच आली. न्याय झाला, पण तो किती झाला आणि कोणाला मिळाला, हेही पाहिले पाहिजे.

यानंतरच्या प्रसंगांत मात्र पक्षाची भिंत पक्की होत गेलेली दिसते. १९९८ मध्ये बिल क्लिंटन यांच्यावर शपथेवर खोटे बोलल्याचा आणि न्यायात अडथळा आणल्याचा आरोप ठेवला गेला. मुळात प्रकरण खाजगी वर्तनाचे होते. शपथेवर खोटे बोलणे ही क्षुल्लक बाब नव्हे, पण राज्याची सत्ता जनतेविरुद्ध वापरण्यासारखी ती नव्हती असे मला वाटते. फेब्रुवारी १९९९ मध्ये सिनेटने त्यांना सोडले. माझे मत काहीही असो, एक गोष्ट नोंदवलीच पाहिजे : ४५ डेमोक्रॅट सभासदांपैकी एकानेही दोन्हीपैकी कोणत्याच आरोपावर वेगळे मत दिले नाही. पंचेचाळीस माणसांची सद्सद्विवेकबुद्धी एकाच दिवशी, एकाच दिशेने कौल देते, यावर विश्वास ठेवणे थोडे जडच जाते.

डॉनल्ड ट्रम्प यांच्यावर दोनदा महाभियोग झाला. पहिल्याचे कारण युक्रेनचे प्रकरण. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याचा निकाल लागला तेव्हा त्यांच्या पक्षाच्या एकट्या मिट रॉम्नी यांनी एका आरोपावर दोषी असे मत दिले. दुसरा महाभियोग ६ जानेवारी २०२१ रोजी जमावाने संसदभवनावर चाल केल्यानंतर आठवड्याभरातच, १३ जानेवारीला झाला. प्रतिनिधिगृहात दहा रिपब्लिकन सभासद त्याच्या बाजूने उभे राहिले. सिनेटमध्ये १३ फेब्रुवारीला ५७ विरुद्ध ४३ अशी मते पडली. सात रिपब्लिकन दोषी म्हणाले, पण लागत होती ६७. पक्षाचे सिनेटमधील नेते मिच मॅकॉनेल यांनी निर्दोष असे मत दिले, कारण त्यांच्या मते पदावरून गेलेल्या माणसावर हा खटला चालू शकत नव्हता. आणि त्याच दिवशी त्याच सभागृहात उभे राहून, घडलेल्या प्रकाराची व्यावहारिक आणि नैतिक जबाबदारी ट्रम्प यांचीच आहे असेही सांगितले! हात एक सांगतो आणि तोंड दुसरे. प्रतिनिधिगृहातल्या त्या दहांपैकी २०२२ च्या निवडणुकीनंतर दोघेच सभागृहात परत आले. काही उभेच राहिले नाहीत, काहींना पक्षाच्याच मतदारांनी घरी बसवले. आणि ज्यांच्यावर खटला झाला ते २०२४ मध्ये पुन्हा निवडून आले. होगन यांच्या वेळी एकाला मोजावी लागलेली किंमत आता जवळजवळ नियमच झाली आहे.

मग हे सर्वत्र असेच असते काय? तसेही नाही. दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष यून सुक-योल यांनी ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री लष्करी कायदा पुकारला. तेथील संसदेत ३०० सभासद. महाभियोगाला २०० मते लागतात, आणि विरोधकांकडे १९२ होती. ७ डिसेंबरला सत्ताधारी पक्षाचे जवळजवळ सगळे सभासद उठून गेले आणि ठराव बारगळला. बाहेर थंडीत लोक रस्त्यावर उभे होते. आठवड्याने, १४ तारखेला, पुन्हा मतदान झाले तेव्हा २०४ मते पडली. म्हणजे निदान बारा जणांनी आपल्या पक्षाची रांग सोडली. ४ एप्रिल २०२५ रोजी तेथील घटना न्यायालयाने एकमताने राष्ट्राध्यक्षांना पदावरून दूर केले. साऱ्या देशाचे भवितव्य बारा माणसांवर येऊन ठेपले होते!

महाभियोगाविरुद्ध नेहमी दोन आक्षेप घेतले जातात. पहिला : लोकांनी निवडले आहे, लोकच काढतील, मूठभर सभासदांनी कौल का उलटवावा? आक्षेप वजनदार आहे. पण लोकांनी मत दिले ते घटनेप्रमाणे राज्य चालवण्यासाठी. घटना मोडण्याचा मुखत्यारनामा कोणी लिहून दिलेला नाही. शिवाय ते सभासदही लोकांनीच निवडलेले असतात. आणि राष्ट्राध्यक्षाने पुढची निवडणूकच नासवण्याचा घाट घातला तर लोकांनी काढावयाचे ते कसे? निक्सन यांच्या माणसांची चोरी विरोधी पक्षाच्या कचेरीतच होती हे विसरून चालणार नाही.

दुसरा आक्षेप : मते नाहीत हे माहीत असताना खटला कशाला? हरणारच असलेली लढाई करून काय साधते? याला माझे उत्तर असे की, आरोप जर सत्तेच्या दुरुपयोगाचा आणि पुराव्याचा असेल तर मतांची बेरीज आधी करू नये. जुलै १९७४ मध्येही दोन-तृतीयांश मते कोणाच्या खिशात नव्हती. पुरावा पुढे आला तशी मते आली. मात्र आरोप केवळ रागाचा असेल, किंवा धोरण पटत नाही एवढाच असेल, तर मते असूनही तो करू नये. मॅडिसन यांची भीती तीच होती.

ही भीती आपल्याला पुस्तकातून शिकायला नको. मी नववीत असताना आमच्या गावात सरपंचांवर अविश्वासाचा ठराव आला. आरोप पाण्याच्या टाकीच्या खर्चाचा होता. मतदानाच्या आधी आठवडाभर काही सदस्य गावातून गायब झाले. कोणी म्हणे देवदर्शनाला गेले, कोणी म्हणे गोव्याला. मतदानाच्या दिवशी सगळे एकाच जीपमधून उतरले, हात वर केले आणि सरपंच बदलला. माझी आई रात्री भाकरी थापताना म्हणाली, "अगं, पण टाकीचं काय झालं, ते कुणी इचारलंच न्हाई व्हय?" नव्हतेच विचारले. टाकी कोरडी होती, चर्चाही कोरडीच राहिली. अविश्वासाच्या ठरावात आणि महाभियोगात हाच फरक आहे. पहिल्यात हात मोजले की भागते. दुसऱ्यात आधी टाकीचे काय झाले ते विचारावे लागते.

आपल्या घटनेतही राष्ट्रपतींवरील महाभियोगाची तरतूद आहे. कलम ६१ प्रमाणे 'संविधानाचा भंग' हे एकच कारण, चौदा दिवसांची सूचना, सभागृहाच्या एक-चतुर्थांश सभासदांच्या सह्या आणि एकूण सभासदसंख्येच्या दोन-तृतीयांश बहुमत. आजवर कोणाही राष्ट्रपतींवर हे कलम वापरण्याची वेळ आलेली नाही, आणि आपल्याकडे कारभाराची खरी सत्ता पंतप्रधानांकडे असल्यामुळे ती सहसा येणारही नाही. पण न्यायाधीशांना काढण्याच्या अशाच पद्धतीचा प्रयोग लोकसभेने ११ मे १९९३ रोजी पाहिला. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांच्याविरुद्धच्या ठरावाला १९६ मते पडली. विरोधी एकही नाही! २०५ सभासद तटस्थ राहिले आणि ठराव पडला. सत्ताधारी काँग्रेस पक्षाने मतदान टाळले होते. 'हा निर्दोष आहे' असे म्हणण्याचे धाडस एकालाही झाले नाही आणि 'दोषी आहे' असे म्हणण्याचेही त्या २०५ जणांना झाले नाही. परीक्षेला बसून कोरी उत्तरपत्रिका देण्याचाच हा प्रकार.

१९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने ही परीक्षा आपल्याकडे आणखी कठीण केली आहे. सभागृहात पक्षादेशाविरुद्ध मत देणारा सभासद अपात्र ठरू शकतो. कायद्याचा हेतू चांगला होता. बाजार थांबवावा हा. बाजार कितपत थांबला, ते २०२२ मध्ये आमदारांचा सुरत-गुवाहाटी प्रवास पाहिलेल्या महाराष्ट्राला सांगावयास नको. त्यामुळेच आपल्याकडे पक्षाविरुद्ध गेलेल्या माणसाकडे लोक संशयाने पाहतात. 'किती घेतले?' हा पहिला प्रश्न. मग सद्सद्विवेकबुद्धीने वेगळे मत देणारा आणि स्वार्थासाठी फुटणारा, यांच्यातला फरक ओळखावा कसा? मला एक साधी कसोटी सुचते. मत दिल्यानंतर त्याला काय मिळाले ते पाहावे. मंत्रिपद मिळाले तर एक अर्थ. होगन यांच्यासारखी निवडणूक हरावी लागली तर दुसरा. वेगळे मत ज्याला महागात पडते त्याच्या मतावर अधिक विश्वास ठेवावा. कसोटी शंभर टक्के नाही, रॉस यांचे उदाहरण वर आलेच आहे. पण बऱ्याच वेळा उपयोगी पडेल.

आणि येथे दोष एकट्या सभासदांचा नाही. होगन यांना कोणी पाडले? त्या दहांना कोणी घरी बसवले? मतदारांनी! आपल्या पक्षाच्या माणसाने खरे बोलावे असे आपण म्हणतो आणि तो खरे बोलला की त्याला गद्दार ठरवतो. डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत इशारा दिला होता की, धर्मात भक्तीने मोक्ष मिळत असेल, पण राजकारणातील भक्ती ही अधःपाताची आणि शेवटी हुकूमशाहीची वाट आहे. महाभियोगाच्या प्रत्येक वादात मला याच इशाऱ्याचा प्रत्यय येतो. कलम कितीही चोख लिहिले तरी ते चालवणारे हात भक्तांचे असतील तर ते कागदावरच राहते.

मित्रहो, आपल्यापैकी बरेच जण पहिल्यांदाच मतदार झालेले आहेत. कोणता पक्ष निवडावा हे सांगण्याचा मला अधिकार नाही. पण ज्या पक्षाला आपण मत देऊ, त्यातला एखादा सभासद उद्या उभा राहून आपल्याच नेत्याला 'टाकीचे काय झाले?' असे विचारील, तेव्हा त्याच्या पाठीशी उभे राहण्याची तयारी आपण ठेवली पाहिजे. तो एकटा पडला तर पुढच्या वेळी विचारणारा कोणीच उरणार नाही.